विलायतेत उतरलो ते स्लाऊला

साताऱ्याच्या माणसाने विलायतेला जाण्यात नवल असे काही राहिलेले नाही. 1839 साली कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर केले, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि थोडीथोडकी नव्हेत, जवळजवळ चौदा वर्षे तिथे ठाण मांडून राहिले. अर्जांमागून अर्ज केले आणि शेवटी रिकाम्या हाताने परत आले. त्या मानाने आमचे काम अगदीच किरकोळ. आम्हाला कोणाचे राज्य परत मागायचे नव्हते. धाकट्या भावाकडे तीन आठवडे राहून यायचे होते. पण 2025 च्या जून महिन्यात आमचे पाच माणसांचे लटांबर मुंबईच्या विमानतळावर उभे राहिले, तेव्हा रंगो बापूजींच्या बोटीवरही एवढे सामान नसेल, असे सौ.चे मत पडले.

पाच माणसे म्हणजे आई, मी, सौ., अकरावीतले चिरंजीव आणि सहावीतली कन्या. प्रवासाचे खरे कारण आई. भावाला तिकडे जाऊन सतरा वर्षे झाली. दोन वर्षांआड तो येतो, पंधरा दिवस राहतो, त्यातले आठ दिवस सासुरवाडीला आणि दाताच्या डॉक्टरकडे जातात, की निघाला. आईने त्याचे घर कधी पाहिले नव्हते. आधी वडिलांचे आजारपण होते, मग तिचे गुडघे. यंदा चौऱ्याहत्तरावे लागले, तेव्हा तीच एक दिवस म्हणाली, "तो राहतो कसा, ते एकदा या डोळ्यांनी बघू दे. फोनमध्ये काय, सगळीच माणसं बरी दिसतात."

इथे इंग्लंडबद्दल एक सांगायला हवे. शिकलेला मराठी माणूस त्या देशात पहिल्यांदा म्हणून जातच नाही. तो आधीच मनाने जाऊन आलेला असतो. मी बी.ए.ला असताना इंग्रजी कवितेच्या तासाला तिथली कुरणे, ओढे, चर्चच्या घंटा एवढ्या ऐकल्या होत्या, की कृष्णाकाठच्या झाडांची नावे विचाराल तर अडखळेन, पण ओक आणि एल्म मला पाठ. पुढे 1960 सालची 'अपूर्वाई' वाचून लंडनच्या गल्ल्याही ओळखीच्या झाल्या. सौ.चे इंग्लंड राजघराण्याचे आणि चिनीमातीच्या कपबश्यांचे. चिरंजीवांचे इंग्लंड म्हणजे फुटबॉलची वीस मैदाने आणि मधे थोडी मोकळी जागा. कन्येला किंग्ज क्रॉस स्टेशनातली ती भिंत पाहायची होती, जिच्यातून हॅरी पॉटर गाडीला जातो. आईच्या मनात मात्र इंग्लंड नव्हतेच. होते ते धाकट्याचे घर, आणि ते ज्या गावात आहे ते गाव. म्हणूनच की काय, पहिल्या आठ-दहा दिवसांत तो देश खऱ्या अर्थाने पाहिला असेल तर तो तिने. आम्ही चौघे आपापली पुस्तके ताडून पाहण्यात गुंतलो होतो.

सामानावरून निघण्यापूर्वी एक छोटी लढाई झाली. दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. युरोपाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध, चीज, खवा असले काही आत नेण्याची बंदी आहे. म्हणजे साताऱ्याहून जायचे आणि कंदी पेढे न्यायचे नाहीत. आईला हे पटेना. "मी काय विष घेऊन चालले आहे?" असे तिने चार वेळा विचारले. अखेर पेढ्यांची जागा मेतकूट, सांडगे, कुरडया, आमसुले आणि गोडा मसाला यांनी भरून काढली, आणि तीही अशी की बॅगेवर चिरंजीवांना बसवून कुलूप लावावे लागले.

विमानप्रवासाचे वर्णन गाळतो. त्यात पाहण्यासारखे असते ते शेवटच्या पंधरा मिनिटांत. ढग फाटले आणि खाली लंडन दिसू लागले: लाल-तपकिरी छपरांच्या रांगाच रांगा, मधेच हिरवे तुकडे, आणि नागमोडी थेम्स. जगावर राज्य करणाऱ्या शहराची नदी म्हणून मी काहीतरी समुद्रासारखे कल्पिले होते. आईने खिडकीतून पाहिले आणि म्हणाली, "पाणी बरं आहे." साताऱ्याच्या माणसाने जून महिन्यात कुठल्याही नदीला दिलेले ते पहिले प्रमाणपत्र असते.

हीथ्रोला उतरल्यावर मैलभर चालणे होते. इंग्रज, युरोपातले, अमेरिकेतले प्रवासी यंत्राच्या फाटकापुढे उभे राहत, यंत्र त्यांचा चेहरा पाहून दार उघडी. आम्हा भारतीयांना ती सोय नाही. आमच्यासाठी माणूस बसलेली खिडकी. पाऊण तास रांगेत उभे राहिल्यावर ती आली. आत बसलेला अधिकारी पगडीवाला शीख होता. बोलणे पक्के इंग्रजी. कोणाकडे जाणार, किती दिवस राहणार, परतीचे तिकीट आहे का, हे सगळे त्याने मला विचारले. आम्ही चौघे तीन आठवडे, आई मात्र नोव्हेंबरपर्यंत, असे सांगताच त्याने मान वर करून आईकडे पाहिले आणि विचारले, की या पाच महिने काय करणार?

मी आईला मराठीत सांगितले. ती म्हणाली, "बघणार."

"काय बघणार?"

"तो जेवतो किती वाजता ते."

आता याचे भाषांतर काय करावे? अठरा वर्षे मी कॉलेजात भाषा शिकवतो, पण त्या खिडकीपाशी काही सुचेना. शेवटी शब्दाला शब्द ठेवून सांगितले. तो गृहस्थ हसला नाही. एक क्षणभर त्याने हातातल्या पासपोर्टाकडे पाहिले, शिक्का मारला आणि पहिल्यांदाच हिंदीत म्हणाला, "जाइए, माताजी."

पाच महिने हा आकडा त्याने उगीच हेरला नव्हता. पाहुणा म्हणून तिकडे एका खेपेला जास्तीत जास्त सहा महिने राहता येते. म्हाताऱ्या आईवडिलांना कायमचे जवळ ठेवून घेण्याची वाट 2012 च्या जुलैपासून जवळजवळ बंदच झाली आहे. रोजच्या नहाण्या-जेवणालाही दुसऱ्याचा हात लागतो आणि तशी देखभाल मायदेशी मिळूच शकत नाही, एवढे सिद्ध करावे लागते. म्हणजे आई जोवर धडधाकट आहे, तोवर तिला मुलाकडे राहता येत नाही. आणि अंथरुणाला खिळली तरी कागदपत्रे पुरतीलच असे नाही. भावाने हे सारे वकिलाला विचारून ठेवले होते. आईला आम्ही ते नीटसे सांगितले नव्हते, पण तिला कळले असावे. "बघणार" या शब्दात ते होते.

बाहेर भाऊ उभा होता. तो आईच्या पाया पडायला वाकला आणि मागून सामानाची गाडी ढकलत येणारी एक इंग्रज बाई "सॉरी" म्हणाली. वाटेत वाकला होता तो, आणि माफी मागत होती ती! पुढच्या तीन आठवड्यांत हा शब्द आम्ही इतक्यांदा ऐकला, की अर्थाविषयीच शंका यावी. तिथे सॉरी म्हणजे 'जरा सरका', सॉरी म्हणजे 'काय म्हणालात?', सॉरी म्हणजे 'तुम्ही माझ्या पायावर पाय दिलात'. खऱ्या चुकीसाठी काय म्हणतात ते शेवटपर्यंत समजले नाही.

रात्रीचे आठ वाजले होते आणि ऊन पडले होते. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने जातात, त्यामुळे रस्ता परका वाटत नाही. फक्त कोणीतरी आवाज बंद करून ठेवला आहे असे वाटते. एवढ्या मोटारी, पण भोंगा नाही. वीसेक मिनिटांत गाडी मोठ्या रस्त्यावरून खाली उतरली आणि भाऊ म्हणाला, "हं, आलं आपलं स्लाऊ."

या गावाचे स्पेलिंग पाहून त्याचा उच्चार कोणी सांगून दाखवावा. शेवटी 'ओ-यू-जी-एच'. हीच चार अक्षरे एका शब्दात 'रफ' होतात, दुसऱ्यात 'थ्रू', तिसऱ्यात 'कॉफ', चौथ्यात 'दो'. आणि इथे 'स्लाऊ'. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून मी मुलांचे गुण कापतो तेव्हा ती मराठीला नावे ठेवतात. त्यांना महिनाभर या गावी आणून सोडावे.

आता खरे सांगायचे तर आमचा विरस झाला. ओक नाहीत, एल्म नाहीत, कपबश्या नाहीत. स्लाऊ हे कारखान्यांचे गाव आहे. 1920 पासून तिथे एक भली मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. आपल्याकडची मुले आवडीने खातात ते मार्स चॉकलेट 1932 साली पहिल्यांदा याच गावात तयार झाले. कामाला माणसे लागली, ती ठिकठिकाणांहून आली. 2021 च्या शिरगणतीत गावातली जवळजवळ निम्मी माणसे आशियाई वंशाची निघाली. दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो तर तोंडली, कारली, कढीपत्ता, पंजाबी पाट्या, कापडाच्या दुकानात लेहंगे. चिरंजीव हळूच म्हणाले, "बाबा, आपण लुधियान्याला तर नाही ना उतरलो?" सौ.ने कोथिंबिरीच्या जुडीची किंमत रुपयांत काढून पाहिली आणि जुडी पुन्हा जागेवर ठेवली. पौंडाला शंभराहून वर रुपये. गुणाकार करीत राहिले तर तिथे माणूस उपाशी मरेल. भावाने पहिल्याच दिवशी सांगितले होते, "दादा, गुणू नकोस." पण मध्यमवर्गीय माणसाचा हा गुणाकार आपोआप होतो, तो थांबवता येत नाही.

आईला मात्र गाव आवडले. ती म्हणाली, "चला, भाजी मिळते." तिचे निम्मे ओझे तिथेच उतरले.

भावाचे घर जोडघर होते. तिकडे हा प्रकार फार आढळतो: एकाच छपराखाली दोन घरे, मधे एक सामाईक भिंत, दोघांना दोन दारे, दोन बागा. विटांचे बांधकाम, वर धुराडे. पण धूर नाही. 1952 सालच्या त्या जीवघेण्या धुक्यानंतर 1956 मध्ये कायदा झाला आणि हळूहळू सगळीच धुराडी नुसती शोभेला उरली. जिन्यावर गालिचा. न्हाणीघरात दिव्याचे बटन नाही, छतापासून एक दोरी लोंबते ती ओढायची. बेसिनला दोन तोट्या, एकीतून चटका आणि दुसरीतून बर्फ. सौ.ने हे सारे बारकाईने पाहून घेतले. आईने न्हाणीघरात डोकावून बादली आणि तांब्या आहे एवढे पाहिले आणि सुनेकडे अशा काही नजरेने पाहिले, की जाऊबाईंना विश्वविद्यालयाची पदवी मिळाल्याचा आनंद व्हावा.

पण पहिली अडचण आली ती दिव्याची. साताऱ्याला सात वाजले की आई देवापाशी दिवा लावते. इथे सात वाजले, आठ वाजले, साडेआठ झाले. सूर्य आपला खिडकीत. जूनमध्ये तिथे तो सव्वानऊच्या पुढे मावळतो. भावाची मुले, एक नऊ वर्षांची आणि एक सहा वर्षांचा, आठाला उजेडातच अंथरुणात गेली. म्हणजे दिवेलागण होण्याआधी मुले झोपणार आणि शुभंकरोती कोणी म्हणायचीच नाही. आईने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी साडेसातला उठली, दिवाणखान्याचे जाड पडदे ओढून घेतले, अंधार झालासा पाहून दिवा लावला आणि म्हणाली, "या रे, तिन्हीसांजा झाल्या." पंचांगाला न विचारता केलेली ती संध्याकाळ मुलांना इतकी आवडली, की पुढे पडदे ओढायला त्यांच्यात भांडणे होऊ लागली.

या नातवंडांच्या मराठीविषयी मी मनात बरेच घाबरून गेलो होतो. व्यवसायच तसा. त्यांना सगळे समजते, उत्तरे इंग्रजीत येतात. पण आठवडाभर कान देऊन ऐकल्यावर एक मौजेची गोष्ट ध्यानात आली. जे मराठी ती बोलत ते सगळे आज्ञार्थी होते. ये, बस, जेव, झोप, पुरे, हात धू. आईबापांच्या तोंडून मराठी म्हणून तेवढेच कानावर पडणार! नात आजीला खुर्ची ओढून देई आणि मोठ्या मायेने म्हणे, "आजी, बस! गप जेव!" सौ. पदराआड हसे. आई निमूटपणे बसे आणि गप जेवी. आठव्या दिवशी ती मुलगी "आजी, बसतेस का?" असे म्हणाली. व्याकरणाच्या तासाला मला इतका आनंद कधी झालेला नाही.

बाजाराच्या वाटेवर पांढऱ्या पट्ट्यांची एक जागा आहे. दोन्ही कडेला खांब, खांबावर पिवळे गोळे लुकलुकतात. 1934 पासून हे गोळे तिथल्या रस्त्यांवर आहेत आणि ज्या मंत्र्याने ते बसवले त्या बेलिशाचे नाव त्यांना चिकटले आहे. आईने तिथे नुसता पाय पुढे टाकला आणि दोन्ही बाजूंच्या मोटारी थांबल्या. एक भली मोठी लाल बससुद्धा. आई घाबरून मागे आली. मोटारी हलल्या नाहीत. "जा आई, त्या तुझ्यासाठी थांबल्यात," भाऊ म्हणाला. तिचा विश्वास बसेना. आमच्या पोवई नाक्यावर पंधरा मिनिटे उभे राहून, शेवटी मारुतीचे नाव घेऊन रस्ता ओलांडणारी ही बाई. ती मधोमध गेली, थांबली, बसच्या चालकाकडे वळली आणि तिने दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार केला. त्यानेही चाक सोडून हात जोडले. विलायतेचे वैभव म्हणून आम्ही पुढे पुष्कळ काही पाहिले, विंडसरचा किल्ला पाहिला, म्युझियमे पाहिली. आईला विचाराल तर ती अजून ती बस सांगते.

रविवारी भाऊ म्हणाला, "दादा, तुझ्यासाठी एक जागा ठेवली आहे." गावापासून चारपाच किलोमीटरवर स्टोक पोजेस म्हणून खेडे आहे. तिथल्या चर्चच्या आवारात टॉमस ग्रे या कवीची समाधी. 1751 साली प्रसिद्ध झालेली त्याची 'एलिजी' आपल्याकडे कॉलेजातून शिकलेल्या किती पिढ्यांनी घोकली असेल! गाव ज्याला नाक मुरडत होतो, त्याच्या परसात ती निघाली. मी तिथे पोचलो आणि सगळे तसेच होते: जुनी झाडे, कलते दगड, उंच गवत, शांतता. पंचवीस वर्षांपूर्वी वर्गात पाहिलेले स्वप्न पुराव्यानिशी समोर उभे. मी भारावून आईला सांगायला वळलो तर ती फाटकापाशीच थांबलेली. "स्मशान ना हे? मी नाही येत. आणि तुम्हीही घरी गेल्यावर आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही." कवितेचा विषय मरण असला तरी तिच्यापुरता प्रश्न आंघोळीचा होता. आम्ही सगळ्यांनी आंघोळी केल्या.

सोवळ्या-ओवळ्याच्या त्या बोलण्यावरून मला आठवले आणि मी जेवताना तिला एक गोष्ट सांगितली. 1781 साली राघोबादादांनी आपली कैफियत घेऊन हणमंतराव नावाच्या ब्राह्मणाला लंडनला धाडले होते, बरोबर मणियार नावाचे पारशी गृहस्थ. त्यांची तिथे फार आबाळ झाली. एडमंड बर्कला, तोच तो पार्लमेंटातला मोठा वक्ता, हे समजले, तेव्हा त्याने दोघांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेले आणि हणमंतरावांना स्वयंपाकपाणी आपल्या रीतीने करता यावे म्हणून बागेतले झाडे ठेवायचे काचघर मोकळे करून दिले. हे बीकन्सफील्ड स्लाऊपासून दहाबारा किलोमीटरवर. आईने घास हातातच धरून सगळे ऐकले. मग विचारले, "त्याला पाणी कोण भरून देत होतं?" इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात हे मिळायचे नाही.

या साऱ्या दिवसांत आई काहीतरी मोजत होती. काय, ते मला चौथ्या दिवशी समजले. वेळेचा फरक साडेचार तासांचा, त्यामुळे तिला पहाटे तीनला जाग येई. सगळे निजलेले. चारला पाखरे ओरडू लागत आणि त्याआधी त्या सामाईक भिंतीपलीकडून कोणीतरी खोकल्याचा आवाज येई. जुना, खोल खोकला. "कोण रे ते?" तिने भावाला विचारले. एक म्हातारे गृहस्थ एकटे राहतात, मूळचे पोलंडचे, असे तो म्हणाला. आवाजाची त्याला सवय झाली होती. दुसरे ती मोजत होती ती दारावरची घंटा. आमच्या घरी सकाळी सातपासून दूधवाला, पेपरवाला, कामाच्या बाई, वाटीभर साखर मागायला शेजारीण. इथे तीन दिवसांत घंटा एकदा वाजली, आणि तोही पार्सल ठेवून पळालेला मुलगा.

त्या रात्री जेवणे झाल्यावर तिने विषय काढला. "रात्री-अपरात्री तुला काही झालं तर इथं कोण येईल?"

"आई, 999 ला फोन केला की अँब्युलन्स येते," भाऊ म्हणाला.

"अँब्युलन्स येईल रे. तिच्यात तुझ्याबरोबर कोण बसेल?"

कोणी काही बोलले नाही. जाऊबाई ताटे उचलून आत गेल्या. भावाने टेबल पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. सतरा वर्षे ज्या प्रश्नाला तो पगार, घर, मुलांच्या शाळा अशी उत्तरे देत आला होता, तो असा सरळ कोणी विचारला नव्हता. मीही कधी विचारला नव्हता.

बुधवारी रात्री पाऊस लागला. तिकडचा पाऊस म्हणजे आपल्याकडे ज्याला ढग खाली आले म्हणतात तेवढाच, पण चिवट. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी येणार होती. तिथे कचऱ्याचे डबे पुरुषभर उंचीचे नसले तरी छातीपर्यंत येतात, चाके लावलेले. ठरलेल्या वारी आदल्या रात्री ते रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचे, चुकले तर पुढल्या खेपेपर्यंत कचरा आपल्यापाशी. भाऊ डोक्यावर टोपी ओढून बाहेर गेला. आई वरच्या खिडकीत उभी होती. तो आपला डबा ठेवून आला, मग शेजारच्या फाटकातून आत गेला, तिथला डबा ओढत आणला आणि आपल्या डब्याशेजारी लावला.

तो आत आल्यावर तिने विचारले, "दुसरा कोणाचा?"

"शेजारच्या आजोबांचा. कंबर धरते त्यांची."

"कधीपासून करतोस?"

"झाली पाच-सहा वर्षं. आमची एक किल्ली त्यांच्याकडे असते, त्यांची आमच्याकडे." मग टोपी झटकता झटकता, आपण काय बोलतो आहोत याचे भान न राहून तो म्हणाला, "मागच्या वर्षी ऑपरेशनच्या वेळी टॅक्सीत तेच बसले होते बरोबर. मुलं घरात, ही कशी येणार?"

"कसलं ऑपरेशन?"

हर्नियाचे होते. लहानसे. आईला कळवायचे नाही, असे त्याने आणि जाऊबाईंनी ठरवले होते, आणि खरे तर मलाही कळवले नव्हते. मला वाटले, आता आई रडेल किंवा रागावेल. ती जिन्याच्या गालिच्याच्या पायरीवर बसली. बराच वेळ त्याच्या ओल्या टोपीकडे पाहत राहिली. मग विचारले, "ते तिखट खातात का?"

"कोण?"

"ते पलीकडचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्याचा, मिऱ्याचा आणि मधाचा काढा स्टीलच्या डब्यातून पलीकडे गेला. घेऊन जायला नात, सोबत आजी. पोलंडच्या त्या आजोबांनी दार उघडून दोघींना आत घेतले. पाऊण तास त्या परत आल्या नाहीत. दोन म्हातारी माणसे, एकाला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी येत नाही, मधे नऊ वर्षांची दुभाषी आणि तिचे आज्ञार्थी मराठी. काय बोलणे झाले असेल ते असो. डबा परत आला तो रिकामा नव्हता. त्यात घरच्या बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या होत्या.

आम्ही तीन आठवड्यांनी परत आलो. कन्येने किंग्ज क्रॉसची भिंत पाहिली, चिरंजीवांनी मैदान बाहेरून पाहिले, सौ.ने दोन कपबश्या आणल्या; एक वाटेत फुटली. आई मागे राहिली आहे, नोव्हेंबरात भाऊ तिला पोचवायला येईल. त्यानंतर काय, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने काढत नाही. सहा महिन्यांचा नियम काही बदललेला नाही.

परवा तिचा फोन आला होता. सप्टेंबर संपता संपता तिकडे पावणेसातलाच सूर्य मावळू लागला आहे. आता दिव्यासाठी पडदे ओढावे लागत नाहीत, याचे मुलांना वाईट वाटते, असे सांगत होती. पलीकडचा खोकला बसला. दिवाळीच्या फराळाचे चालले होते. चकलीची भाजणी पाठव म्हणाली, जरा जास्तच पाठव, दोन घरांना लागेल.